खाणआळीतलं पहिलं पान

“मग पहिलं पान कुणाचं, बाबा? आमचंच ना?”

यल्लाप्पा वडाराने पुन्हा विचारलं. आळीतले तंटे सोडवणारे नूरबाबा लिंबाखाली बसून शेंगा सोलत राहिले.

खाणआळीच्या वार्षिक जेवणात पहिलं पान आळीत सर्वांत आधी आलेल्या घराचं. पण इतकी वर्षं वयाचा मान म्हणून ते म्हाताऱ्या तानूबाईला मिळायचं आणि कुणाचं काही म्हणणं नसायचं. यंदा तानूबाई नव्हती. गव्हाची गोड हुग्गी शिजून घट्ट व्हायला लागली, पत्रावळी मांडून झाल्या, पण पहिल्या पानाचा निकाल लागेना.

यल्लाप्पा रोज बाबांपाशी बसणारा. बाबा आपल्याला डावलणार नाहीत, याची त्याला खात्री होती.

“आमच्या आज्जानं या खाणीत पहिला घण घातला,” तो म्हणाला.

“आणि छिन्नीला धार कुणी लावली?” पंगतीतून सदा लोहार ओरडला. “नुसत्या मिशा पिळून दगड फुटत न्हाई!”

“दगडच नसता, तर तुझ्या आज्जानं धार कशाला लावली असती? वांगी चिरायला?”

पंगत खदखदली. बाबाही हसले.

“यल्लाप्पा, तुझे आज्जा आले तेव्हा इथं काय होतं?”

“घाणेरीचं रान, बाबा. आन् साप. राहायला आमचं एकच पाल.”

“सदाचे आज्जा आले, ते पहिल्या रात्री कुठं निजले?”

यल्लाप्पाचा चेहरा उजळला.

“आमच्याच पालात! आजीनं भाकरी करून घातल्या त्यांना. विचारा त्याला!”

सगळे सदाकडे बघू लागले. सदाने मान खाजवली.

“आमच्या घरातबी तसंच सांगत्यात,” तो पुटपुटला. “ठेचा लई जहाल होता म्हणे.”

“मग ठरलं,” बाबा म्हणाले. “यल्लाप्पाचं घर पहिलं.”

यल्लाप्पाने फेटा सारखा केला. आज्जाचं नाव राहिलं. तो पहिल्या पानावर बसायला वाकला, तेवढ्यात बाबांनी हुग्गीची बादली आणि पळी त्याच्या हातात दिली.

“हे काय?”

“वाढ.”

“मी वाढू? बाबा, आम्ही पहिले आलो!”

“म्हणून तर.”

यल्लाप्पा बादली धरून उभा राहिला… बादली जड होती, कान तापले होते. आजी सांगायची ती गोष्ट त्याने हजारदा ऐकली होती. लोहार जेवले, आज्जा जेवला. आजी कधी जेवली, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

मांडवाच्या टोकाला एक जोडपं संकोचून उभं होतं. कालच आळीत खोली घेतलेलं. बोचकी अजून सुटली नव्हती, चूल पेटली नव्हती. कुठे बसावं ते त्यांना कळेना.

यल्लाप्पा त्यांच्याकडे बघत राहिला… मग एकदम हसला.

“या पावणं,” तो म्हणाला. “पहिलं पान तुमचं.”

त्याने वाढलेल्या हुग्गीवर तुपाची धार पडली, तोच सदा उठला.

“आन् आम्ही काय पावणं हाय? शिंप्यांना पहिल्या रात्री आम्ही ठेवून घेतलं होतं!” त्याने आमटीची बादली ओढली.

“भडभुंजे आमच्याकडं उतरले होते!” शिंपी उठले.

“आन् गिरणीवाले कुणाकडं?” भडभुंजे उठले.

बघता बघता सगळी पंगत उभी राहिली. कुणाच्या हातात भात, कुणाच्या हातात मीठ, कुणी नुसतीच पळी पळवलेली. जेवायला उरलं ते जोडपं. पन्नास माणसं वाढायला सरसावलेली बघून ती दोघं लाजेने लाल झाली.

पन्नास वर्षं त्याच लिंबाखाली काढलेले नूरबाबा उठले. हळूहळू चालत आले, जोडप्याशेजारी मांडी घालून बसले आणि पत्रावळ पुढे ओढली.

“बाबा, तुम्ही?” यल्लाप्पा म्हणाला.

“वाढ, लेका. मी आत्ताच आलोय.”