खुडूक कोंबडीचं गाणं

फार जुनी गोष्ट, पण कोंबड्यांना तेव्हाही सवड नव्हती. चंद्री कोंबडीला कोकिळासारखं गायचं होतं. पण किडे शोधा, पिल्लं सांभाळा, घारीवर नजर ठेवा. गाणं राहूनच जाई.

एकदा ती खुडूक होऊन अंड्यांवर बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, बूड अडकलंय, गळा मोकळाच आहे. तिने आंब्यावरच्या कोकिळाला शिकवायला सांगितलं. कोंबडा कुरकुरला, "या वयात कसली थेरं?" ती गातच राहिली.

अंडी फुटली. पहिलं पिल्लू बाहेर आलं आणि म्हणालं, "कुहू."

कोंबड्याने आधी पिल्लाकडे पाहिलं, मग आंब्याकडे. "ही अंडी नक्की कुणाची?"

"अंडी तुमचीच," पंख झटकत चंद्री म्हणाली, "वेळ तेवढा माझा होता."