मागच्या तारखेला नेलेलं वाचनालय

नांदगोळ गावात शिदबा नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा हा शब्द मी वापरतो आहे. गाव दुसरा वापरायचं, पण इथं लहान मुलंही ऐकत बसली आहेत.

शिदबा वाचनालयात शिपाई होता. वाचनालयाची जागा म्हणजे त्याच्या मेव्हण्याचा जुना गोठा. मेव्हण्यानं शेजारीच नवा गोठा बांधला आणि जुना गावाला देऊन टाकला. त्या जुन्या गोठ्यात शिदबानं बारा वर्षं म्हशी राखल्या होत्या. म्हशी गेल्या, पुस्तकं आली, शिदबा तिथंच राहिला. पुस्तकं तोंडावर शेपटी मारत नाहीत. लाथ झाडत नाहीत. पहाटे उठून त्यांना धुवावं लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच शिदबा सुखात होता.

पण त्या सुखाला एक घोर लागला. वाचनालय ‘ड’ वर्गात होतं, म्हणजे सगळ्यात खाली. जिल्ह्याच्या कचेरीनं बजावलं होतं की सगळ्या पुस्तकांची यादी संगणकावर घ्या. पुढच्या तपासणीत शेरा वाईट आला तर वाचनालय बंद. वाचनालय बंद म्हणजे शिदबा परत म्हशींत. नुसत्या विचारानं त्याला घाम फुटायचा.

ग्रंथपाल होत्या चौगुलेबाई. त्यांनी चार महिने एका बोटानं टाइप करून दोन हजार तीनशे पुस्तकं संगणकात घातली. शेवटचं पुस्तक घातलं आणि त्या घरी चहाला गेल्या. इकडं संगणकाला अपडेट आलं. पडदा निळा झाला. मधे एक चक्र गरगर फिरायला लागलं. खाली लिहून आलं की तीस टक्के झालं आहे, संगणक बंद करू नका. शिदबानं ते वाचलंही. पण खोलीत माणूस नसेल तेव्हा वीज जाळायची नाही, असं बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाई नव्हत्या. स्वतःला शिदबा माणसांत धरत नसे. त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यानं आठ दिवसांनी संगणक परत दिला. यादी मात्र गेली ती गेलीच.

बाई आधी रडल्या, मग डोळे पुसून यादी पुन्हा टाइप करायला बसल्या. बसण्याआधी त्यांनी शिदबाला समोर उभं केलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, टक्के चढत असले की मधे हात लावायचा नाही, शंभर होईपर्यंत गप्प बसायचं. दोन, महत्त्वाचं काही असलं की ते एकाच जागी ठेवायचं नाही, त्याची एक प्रत लगेच परगावी पाठवून द्यायची. त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी यादीची एक प्रत मिरजेला भावाकडं पाठवायला लागल्या.

“ध्यानात ठेवतो, बाई,” शिदबा म्हणाला.

ध्यानात ठेवण्यात शिदबाचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. कुठं वापरायचं, एवढंच चुकायचं.

त्याच आठवड्यात बाईंनी पाण्याची मोटर लावली आणि टाकीवर लक्ष ठेव म्हणून शिदबाला सांगून त्या बँकेत गेल्या. टाकी होती कपाटांच्या वर, माळ्यावर. शिदबानं खुर्ची घेतली आणि टक लावून लक्ष ठेवलं. टाकी निम्मी झाली. पाऊण झाली. भरली. वाहायला लागली. पाणी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटात उतरलं आणि तिथून वर्तमानपत्रांच्या टेबलाकडं निघालं. बाई आल्या तेव्हा शिदबा पाय वर घेऊन बसला होता.

“मोटर का नाही बंद केलीस?” बाईंनी विचारलं.

“शंभर आकडा कुठं आलाच न्हाई, बाई.”

बाईंनी कपाळाला हात लावला. कादंबऱ्या महिनाभर उन्हात वाळत पडल्या. छताला जी गळती लागली ती काही थांबेना.

मग एके दिवशी संगणक अडकला. माऊस हलेना, कुठलीही कळ दाबली तरी अक्षर उमटेना. शिदबा घाबरला, पण बाई शांत होत्या. त्यांनी संगणक बंद केला, एक ते दहा आकडे मोजले, पुन्हा चालू केला. गडी टुणटुणीत. बाईंनी सांगून ठेवलं की असं अडकलं की घाबरायचं नाही. बंद करायचं, दहा मोजायचे, चालू करायचं.

“ध्यानात ठेवतो, बाई.”

पुढच्या रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. अध्यक्ष बापूसाहेब थोरवत भाषणाला उभे राहिले. बापूसाहेब चाळीस मिनिटं उत्तम बोलले. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ते “आणि म्हणून मी” म्हणाले आणि पुढचं विसरले. पुन्हा “आणि म्हणून मी” म्हणाले. तिसऱ्यांदाही तेच म्हणाले. शिदबानं ओळखलं. तो उठला, माईक बंद केला, बापूसाहेबांचा दंड धरून त्यांना दाराबाहेर नेलं, दार लावलं, दहा मोजले आणि त्यांना परत आत आणून माईक चालू केला. बापूसाहेब थोडे गोंधळले होते. पण समोर माईक आणि माणसं दिसल्यावर त्यांनी घसा साफ केला.

“आदरणीय व्यासपीठ,” ते म्हणाले, आणि सगळं भाषण पहिल्यापासून सुरू झालं.

चाळीस मिनिटांनी ते पुन्हा “आणि म्हणून मी”पाशी आले. शिदबा पुन्हा उठला. या खेपेला बाईंनी त्याचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला आणि गावानं टाळ्या वाजवून कार्यक्रम संपवून टाकला.

त्यानंतर संगणकाला खोडच लागली. बाई यादी करायला बसल्या की अपडेट मधेच येऊन उभं राहायचं आणि विचारायचं, आता करू का? बाई दर वेळी ‘नंतर आठवण करा’ दाबायच्या आणि पुढं टाइप करायच्या. शिदबानं विचारलं की हे काय. त्या वैतागून म्हणाल्या की कामाच्या मधे कोणीही काही घेऊन आलं तरी असंच सांगायचं, म्हणजे ते आपोआप जातं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. शिदबा खुर्च्या पुसत होता. तो म्हणाला, “नंतर आठवण करा.” पोस्टमन भला माणूस. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. तिन्ही दिवस त्याला तेच उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी त्यानं पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला आणि पत्र आलं होतं तिथं परत पाठवलं.

पत्र होतं तपासणीचं. बाईंना ते कळलं थेट जिल्ह्याच्या फोनवरून. तपासनीस डोईफोडे साहेब उद्या सकाळी येणार होते, आणि आमचं पत्र नाकारणारे तुम्ही कोण, असं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई वाचनालयात आल्या. अपडेटनं आता कुणाला न विचारता स्वतःला घालून घेतलं होतं आणि पडद्यावर पानभर बारीक मजकूर आला होता. बाईंनी न वाचता खालचं ‘मान्य’ दाबलं. शिदबाला म्हणाल्या, हे कोणी वाचत बसत नाही. मान्य म्हटल्याशिवाय हे पुढं सरकत नाही, म्हणून मान्य म्हणून मोकळं व्हायचं. मग त्यांनी दुसऱ्यांदा चार महिने खपून पुरी केलेली यादी उघडली आणि त्यांना चक्करच आली. दोन हजार तीनशे पुस्तकांची नावं गेली होती आणि त्यांच्या जागी नुसते चौकोन होते. चौकोन, चौकोन, स्वल्पविराम, चौकोन.

मिरजेहून प्रत मागवायला वेळ नव्हता, पण बाई खमक्या. त्यांनी संगणकाला मागच्या गुरुवारच्या तारखेला नेलं. दहा मिनिटांत चौकोनांची पुन्हा पुस्तकं झाली.

“बिघडलं की मागच्या तारखेला न्यायचं, शिदबा,” त्या सुटकेच्या आनंदात म्हणाल्या. “पूर्वी जेव्हा नीट होतं, तेव्हा जसं होतं तसं करायचं.”

“ध्यानात ठेवतो, बाई.”

मग त्या पोहे आणि शाल-नारळ आणायला घरी गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या की कुठं काही बिघडलेलं दिसलं तर तेवढं नीट करून ठेव.

शिदबानं सगळीकडं नजर फिरवली. छत गळत होतं. कपाट फुगलं होतं. कादंबऱ्या फुगल्या होत्या. सगळंच बिघडलेलं होतं. हे नीट कधी होतं? मागच्या गुरुवारी? नाही, तेव्हाही गळतच होतं. शिदबा डोळे मिटून एकेक वर्ष मागं गेला, आणि शेवटी त्याला एक तारीख सापडली जेव्हा इथं काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं.

तो शेजारी गेला आणि मेव्हण्याच्या सातही म्हशी सोडून आणल्या. पुस्तकं माळ्यावर रचली, कारण पूर्वी तिथं कडबा असायचा. खुर्च्या बाहेर काढल्या. संगणकावर पोतं टाकलं. म्हशींना आपापल्या जागा आठवत होत्या. त्या न सांगता जाऊन उभ्या राहिल्या. शिदबाला म्हशींचा धाक होता, पण वाचनालय वाचवायचं तर एवढं सोसायलाच हवं, असं त्यानं मनाला समजावलं.

डोईफोडे साहेब आले आणि त्यांचा पहिला पाय शेणात पडला.

ते बराच वेळ दारात उभे राहिले. मग बाहेर जाऊन पाटी वाचून आले. मग त्यांनी टेबलावरचं पोतं बाजूला सारलं, पिशवीतून तपासणीचा अर्ज काढला, खाली कार्बन घातला आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचत लिहायला घेतलं. वाचनालयाच्या जागेत जनावरं बांधलेली आढळली, मान्य आहे का?

“मान्य,” शिदबा म्हणाला.

पुस्तकं वाचकांना मिळतील अशी ठेवलेली नाहीत?

“मान्य.”

कचेरीचं पत्र मुद्दाम नाकारलं?

“मान्य.”

“तुझं नाव काय?”

“मान्य.”

साहेबांनी शिपायाचं नाव श्री. मान्य असं लिहिलं. त्याखाली शेरा लिहिला की सदर वाचनालय ताबडतोब बंद करावं, आणि सही ठोकली. रीतीप्रमाणे कार्बनची प्रत शिदबाच्या हातात दिली, मूळ कागद पिशवीवर ठेवला आणि ते पाय धुवायला हौदावर गेले. शिदबाही मधे रस्त्यावर जाऊन, पोस्टमनशी दोन शब्द बोलून परत आला.

साहेब पाय धुऊन आले तेव्हा कडेच्या म्हशीनं शेरा तोंडात धरला होता. सही अजून बाहेर दिसत होती. साहेब धावले. शिदबानं त्यांचे दोन्ही हात धरले.

“निम्मं झालंय, साहेब. आता मधे हात लावायचा न्हाई. शंभर होऊ द्या.”

म्हशीनं सावकाश शंभर होऊ दिलं.

बाई पोहे घेऊन फाटकाशी आल्या तेव्हा साहेब पिशवी झटकत बाहेर पडत होते. त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. मग म्हणाले, “मी या महिन्यात निवृत्त होतोय, बाई. म्हशीनं शेरा खाल्ला हे मी कचेरीत कुठल्या तोंडानं सांगू? कागद नाही म्हणजे तपासणी नाही. तुमच्याकडं एक प्रत आहे, ती चुलीत घाला. मी इथं आलो नव्हतो.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचनालय वाचलं होतं. चार आणि चार आठ महिन्यांची यादी वाचली होती. त्यांनी जाताजाता त्या म्हशीच्या पाठीवरून हातही फिरवला. शिदबावर त्या एका शब्दानं रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, साहेबांनी दिलेला कागद आण, आधी तो चुलीत घालते.

“काळजी नको, बाई,” शिदबा म्हणाला. त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. “महत्त्वाचा कागद. एका जागी ठेवला न्हाई. साहेब पाय धूत होते तवाच पाकिटात घालून जिल्ह्याच्या कचेरीला धाडला. रजिस्टर करून. पोस्टमन नंतर म्हणत हुता, पण आज मी ऐकलं न्हाई.”

बाई मटकन टेबलाच्या कडेवर बसल्या. त्यांचे ओठ हलले. “तू... तू...” त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, “तू... तू...” पुढचा शब्द काही येईना.

शिदबानं त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. मग हळूच त्यांचा दंड धरला, त्यांना दाराबाहेर नेलं, दार लावून घेतलं आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन.