राउटरचा जाड आवाज

बिनतारी यंत्रांचं नवल होतं त्या काळातला एक प्रिंटर रेवतीताईंच्या टेबलावर म्हातारा झाला होता. एके दिवशी घरात नवा राउटर आला. ताई म्हणाल्या, "आज याच्याशी जुळलं नाही, तर उद्या हा प्रिंटर भंगारात."

राउटर बारीक आवाजात भरभर काहीतरी बोलला. प्रिंटरला एक अक्षर कळलं नाही.

"आजोबा, ऐकू आलं ना?" राउटरने खुणेने विचारलं.

पुन्हा बोल म्हटलं, तर हा हसेल, अशी प्रिंटरला धास्ती. "आलं की! बहिरा वाटलो होय?"

राउटर बिचारा त्याच्या उत्तराची वाट पाहत राहिला. संध्याकाळपर्यंत एकही कागद निघाला नाही.

सकाळी भंगारवाल्याने प्रिंटरला काखोटीला मारलं. उंबऱ्यापाशी मागून राउटरची, जुन्या यंत्रांशी बोलायच्या जाड, संथ आवाजात हाक आली, "आजोबा, कुठे निघालात?"

प्रिंटरला शब्द न् शब्द ऐकू आला.