जात्यांची फरशी आणि खुडूक कोंबडी

यातलं एक अक्षर जरी तुला खरं वाटलं, तर माझं नाव बदल. लहानांनी विश्वास ठेवू नये, मोठ्यांनी तर मुळीच ठेवू नये. बघू कोण किती टिकतंय ते. आणि असं सारखं चुळबुळ करायचं नाही, चुळबुळ करणारे गोष्टीत पुष्कळ आहेत.

फार फार पूर्वी, समुद्राच्या पलीकडे, जिथं हिवाळ्यात तळ्यावरून बैलगाडी नेली तरी चाक भिजत नाही अशा मुलखात, एक गाव होतं. खाली मातीच्या झोपड्या, वर टेकडीवर सरदाराची दगडी गढी, आणि मधे चर्च. जमीन सरदाराची, आभाळ पाद्रीबाबांचं. लोकांचा फक्त नांगर. पीक आलं की आधी सरदार आपला वाटा उचलायचा. मग देवाचा दहावा वाटा म्हणून पाद्रीबाबा उचलायचे. उरलेलं लोकांचं, म्हणजे उंदरांनी ठेवलं तर.

तरी सरदाराला चैन पडेना. त्यानं ओढ्यावर पाणचक्की बांधली आणि दवंडी पिटवली, "आजपासून दळण माझ्या चक्कीवर. घरात जातं सापडेल त्याची झोपडी जाईल, शेताचा तुकडा जाईल आणि तो जंगलात जाईल." का? तर चक्कीवर दळलं की पिठातला वाटा पुन्हा सरदाराला.

रविवारी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सांगितलं, घरी दळणं पाप आहे. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. शनिवारपर्यंत तर नव्हतं.

शिपाई घरोघर फिरले आणि सगळी जाती उचलून नेली. कुणाला आईनं दिलेलं, कुणाला सासूनं. एवढ्या दगडांचं करायचं काय? पाद्रीबाबा म्हणाले, "माझ्या बैठकीची जमीन मातीची आहे, पाय गारठतात." मग गवंड्यानं जात्यांचे वरचे दगड ओळीनं बसवले, गल्लीच्या क्रमानं, घरागणिक एक. झाली फरशी. तयार झाली आणि बघतात तर शेवटच्या ओळीत, अगदी पाद्रीबाबांच्या खुर्चीपाशी, एका दगडाची जागा रिकामी.

ती जागा तळ्याकाठच्या म्हातारीची होती.

ही म्हातारी म्हणजे एक अर्क. मुलगा सरदाराच्या लढाईत गेला, तो परत आला नाही. घरात बाळंतीण सून आणि तिचं तान्हं. शिपाई आले तेव्हा म्हातारी दारात बसून शेंगा सोलत होती.

"म्हातारे, जातं कुठंय?"

"चुलीत घातलं. लाकडं संपली होती."

"दगड जळतो होय?"

"मला काय माहीत, बाबा. कालपर्यंत दळणं पण पाप नव्हतं. म्हटलं, आजपासून दगडही जळत असेल."

शिपायांनी झोपडी उलटीपालटी केली. कोपऱ्यात टोपलीत कोंबडी अंडी उबवत खुडूक बसली होती. एकानं टोपलीखाली हात घातला, तर कोंबडीनं अंगठ्याचं मांस काढलं. खुडूक कोंबडीला सरदार कळत नाही आणि पाद्रीही कळत नाही. शिपाई अंगठा चोखत निघून गेला. जातं टोपलीखालीच होतं.

आता तू म्हणशील, म्हातारी मजेत असेल. नाही रे. निम्मं धान्य ती चक्कीवर न्यायचीच, नाहीतर संशय यायचा. आणि चक्कीवाला कसला होता म्हणतोस? सरदाराचा वाटा काढायचा, मग स्वतःचा गुपचूप काढायचा, आणि वजन भरून यावं म्हणून ओढ्याची बारीक वाळू मिसळायचा. सगळं गाव कचकच खात होतं. म्हातारी चक्कीच्या पिठाची भाकर स्वतः खायची. जात्यावरचं स्वच्छ पीठ सुनेला. तिच्या अंगावर पोर पीत होतं ना.

इकडे पाद्रीबाबांची झोप उडाली. जात्याच्या दगडाला मधोमध भोक असतं, तुला ठाऊक आहे. खाचांमध्ये वर्षानुवर्षांचं पीठ. त्या वासानं उंदीर आले. रिकाम्या जागेतून आत शिरायचे आणि भोकाभोकातून डोकी वर काढायचे. पाद्रीबाबा बसले की उठावंसं वाटे, उठले की काठी भोकात अडके. तिथल्या मेणबत्त्या चरबीच्या, त्यांनी ती चरबी भोकांत भरली. उंदरांनी ती आधी खाल्ली.

शेवटी ते गढीवर गेले. "सरकार, त्या म्हातारीनं जातं लपवलंय. तो दगड बसल्याशिवाय माझी फरशी बंद व्हायची नाही."

सरदारालाही तेव्हा स्वस्थ झोप नव्हती. लोक वाकून नमस्कार करायचे, पण हल्ली पाठ वळली की कुजबुजायचे. म्हणाला, "सगळ्या गावासमोर घासाचा न्याय होऊ दे."

घासाचा न्याय म्हणजे काय, ऐक. त्या मुलखाची ती रीतच. जवाची कोरडी भाकर करायची, चर्चमध्ये वेदीवर ठेवून मंतरायची, आणि ज्याच्यावर आळ असेल त्यानं ती पाण्याशिवाय खायची. घास उतरला तर माणूस खरा. घशात अडकला तर खोटा. देवच घसा धरतो म्हणे.

सून रडायला लागली. "आत्याबाई, जातं देऊन टाका. या थंडीत जंगलात गेलो तर पोर एक रात्र काढायचं नाही."

"आणि दिलं तर तुला वाळू खावी लागेल. मग पोराच्या पोटात काय जाईल?" म्हातारीनं डोक्याला फडकं बांधलं. "कोंबडीकडे लक्ष ठेव."

पाद्रीबाबांच्या बैठकीत गाव जमलं. कुणी या पायावरून त्या पायावर, कुणी टोपी चुरगाळतंय, सरदाराचा गुडघा हलतोय. फरशीतून उंदीर डोकावतायत.

म्हातारीनं हात जोडले. "सरकार, भाकरीला पीठ कुठलं घेणार?"

"माझ्या चक्कीचं. दुसरं आहेच कुठलं?"

चक्कीवाला पुढं झाला. "सरकार, गढीवर पाठवतो त्यातलं आणू का? ते जरा मऊ असतं."

"का? लोकांना देतोस त्याला काय झालंय?"

चक्कीवाला शिपायांच्या मागं सरकला.

भाकर भाजली, मंतरली, ताटात आली. म्हातारीनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"आता काय?" सरदार वैतागला.

"मी अडाणी बाई, सरकार. पण या भाकरीत आता देव आहे ना? मग पाद्रीबाबांच्या आधी माझा उष्टा हात कसा लावू? पहिला घास बाबांचा. आळ पण त्यांनीच घेतलाय, त्यांचा खरेपणाही गावाला दिसू दे."

"बरोबर आहे," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरं कुणीतरी म्हणालं. पाद्रीबाबांना नाही म्हणता येईना.

त्यांनी मोठा घास घेतला, गावाकडे बघून हसले आणि चावले. कच्चकन आवाज झाला. हसू तिथंच राहिलं. ते चावत राहिले, डोळे मोठे होत गेले, मग असा ठसका लागला की टोपी भोकावर जाऊन पडली. एका उंदरानं ती आत ओढायला घेतली.

"नाटकं करू नका, बाबा," सरदार ओरडला. "भाकर खाता येत नाही?" त्यानं तुकडा तोडून तोंडात कोंबला. तोही जन्मभर चाळलेल्या पांढऱ्या पिठावर वाढलेला. जीभ वाळूनं भरली, घसा आवळला, चेहरा वांग्यासारखा झाला. शिपाई पाठीत बुक्के घालायला लागले.

म्हातारीनं उरलेली भाकर घेतली. सावकाश तोंडात घोळवली आणि गिळली. सगळी. मग बोटं चाटली.

"तुम्ही चावताय, सरकार," ती म्हणाली. "वाळू चावायची नसते. गिळायची असते. आम्हाला सवय आहे."

गावात पहिल्यांदाच कुणी हललं नाही. मग शेंगदाण्यासारखा सुकलेला एक शेतकरी हळूच म्हणाला, "घास तर दोघांचा अडकला. म्हणजे जंगलात कोण जाणार?"

कुणी हसलं नाही, तेच सरदाराला भारी पडलं. कायदा त्याचा, भाकर त्याच्या चक्कीची, साक्षीला सगळं गाव. हा न्याय खोटा म्हणावं, तर उद्यापासून कुणाला धाक राहणार? खरा म्हणावा, तर स्वतःच उठून चालायला लागावं. तो पाणी प्यायला, आणखी प्यायला, आणि म्हणाला, "देवानं पिठाचा घसा धरलाय. दोष पिठात आहे."

"मग दोषी पीठ करणारी चक्की पण दोषी," म्हातारी म्हणाली. "आमची जाती द्या, सरकार. नाहीतर पुढच्या रविवारी पुन्हा भाकर मंतरू. पहिला घास तुमचा."

त्याच दुपारी फरशी उखडली. बायकांनी आपापला दगड खूण बघून ओळखला आणि डोक्यावर घेऊन नेला. चक्कीवाल्यानं वाळूची पोती तिथंच टाकून गाव सोडलं. उंदीर गढीवर गेले, धान्य तिथंच होतं. आणि पाद्रीबाबा मातीच्या जमिनीवर घोंगडी टाकून पडले ते सकाळपर्यंत घोरले.

म्हातारी घरी आली तर सून म्हणाली, "आत्याबाई, जातं तर होतंच की आपल्याकडे. देवापुढं खोटं वागलात."

"त्याला जातं दिसलं असेल, तर वाळूही दिसली असेल," म्हातारी म्हणाली, आणि टोपली उचलली. कोंबडीनं तिलाही चोच मारली. खाली पिल्लं निघाली होती.

बोध पाहिजेच असेल तर घे: दुसऱ्याच्या गळ्यासाठी जो न्याय ठरवशील, त्याचा पहिला घास आधी स्वतः खाऊन बघ.

ठेवलास ना विश्वास? तोंडच सांगतंय तुझं. ऊठ, जा आता, मला दळायचंय.