कोल्होबांनी एकट्याने बांधलेलं घर

फार पूर्वी माळावरच्या एका कोल्ह्याला स्वतःच्या हातांनी झोपडी बांधायची हौस आली. त्याच्या शेजारणीने, म्हशीने, रानातून लाकडं ओढून आणली. त्याच्या थोरल्या भावाने खड्डे खणून खांब रोवले. कोल्ह्याने सावलीत बसून अतिशय कष्टाने सूचना केल्या.

वास्तुशांतीला तो पाहुण्यांना म्हणाला, "सगळं एकट्यानं उभं केलं हो! कंबर मोडली."

तेवढ्यात म्हशीची शिंगं दारात अडकली. "कोल्होबा, मी आत येऊ कशी?"

"तुम्ही घरच्याच, म्हशीबाई! बाहेर थांबा, ताट पाठवतो."

ताट काही आलं नाही. ताटकळून म्हशीच्या पाठीला खाज सुटली, म्हणून तिने भिंतीला जरा अंग घासलं.

धुरळा खाली बसल्यावर आडव्या भिंतींकडे पाहत थोरला भाऊ म्हणाला, "आता उजेड छान येतो हं!"