तबला सरांची साथ

विद्यापीठं वाद्यंच चालवायची, त्या काळातली ही गोष्ट. तिथे एक नावाजलेला तबला ताल शिकवायचा आणि परीक्षेत विद्यार्थ्यांना साथ करायचा. साथ म्हणजे साधा ठेका, दिवसभर तोच.

एका वर्षी परीक्षक म्हणून पखवाज आला. तो तबल्याचा मैफलीतला जुना प्रतिस्पर्धी. समोर बासरी वाजत होती, तिची पहिलीच परीक्षा. पखवाजाला पाहून तबल्याला राहवेना. ठेका सोडून तो एकामागून एक तुकडे वाजवत सुटला. दाराशी जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. बासरीची मात्र सम चुकली आणि ती मध्येच थांबली.

पखवाज तबल्याला म्हणाला, "छान वाजवलंस. पण परीक्षा तुझी नव्हती."

तबल्याने बासरीची माफी मागितली. आठवड्याने फेरपरीक्षा झाली. या वेळी त्याने फक्त ठेका धरला आणि प्रत्येक सम स्वच्छ दाखवली. बासरी मोकळी वाजली, पास झाली.

बाहेर वीणेने तिला विचारलं, "आज सरांनी काय वाजवलं गं?"

बासरी जरा आठवत राहिली. "अगं, माझं लक्षच गेलं नाही."

दाराआड तबला ऐकत होता. एवढी मोठी दाद त्याला कुठल्याच मैफलीत मिळाली नव्हती.