बॉनेटवरची पाच बोटं

अवजारं माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. हौसाकाकूंकडे एक जुना ट्रॅक्टर होता. खंडेनवमीला काकू सगळ्या अवजारांची पूजा करत आणि तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं त्याच्या बॉनेटवर ओढत. ट्रॅक्टर दरवर्षी फणकारायचा, "काकू, माझं तोंड कशाला बरबटवता? धुतलं तरी जात नाही ते!"

"राहू दे रे, शकुनाचं असतं," काकू म्हणत.

उन्हापावसात ट्रॅक्टर पार विटला. यंदा काकूंनी रंगारी बोलावला. ट्रॅक्टर हरखून म्हणाला, "मला माझा पहिलाच रंग हवा!"

"कोणता होता?" रंगाऱ्याने विचारलं.

काकू म्हणाल्या, निळा. नांगर म्हणाला, हिरवा. ट्रॅक्टरला स्वतःलाच आठवेना. तो रडवेला झाला.

रंगाऱ्याने बॉनेटवरचं घट्ट बसलेलं कुंकू रॉकेलच्या फडक्याने पुसलं. खाली मोरपंखी रंगाच्या पाच रेघा चमकत होत्या. तिथवर ऊन पोचलंच नव्हतं.

त्याच रंगात ट्रॅक्टर न्हाऊन निघाला. खंडेनवमीला काकू कुंकवाची वाटी घेऊन आल्या आणि थबकल्या. "नको बाई, नवा रंग खराब व्हायचा."

ट्रॅक्टर हळूच म्हणाला, "काकू, जरा दाबून ओढा."